मार्च एंडिंग, मुरूड

आमच्या घरात मार्च महिन्यात कुणी आजारी पडायचं नाही, असा नियम होता. मी बँकेत, नणंद शाळेत. माझं क्लोजिंग आणि तिच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकाच पंधरवड्यात यायचे. होळीला सासूबाई एकट्याच पुरण घालायच्या आणि आम्ही दोघी रात्री साडेनऊला गिरगावात पोचून गार पोळी दुधात कुस्करून खायचो. एका वर्षी मुलाला नेमक्या २५ मार्चला कांजिण्या आल्या. त्याही सासूबाईंनीच निस्तरल्या.

मी १९८८ साली नोकरीला लागले आणि २०२४च्या नोव्हेंबरात सुटले. म्हणजे छत्तीस मार्च. जानेवारीत फंड आणि ग्रॅच्युइटीची कामं आटोपली. मग फेब्रुवारी सरता सरता पोटात तो जुना गोळा उठायला लागला. सस्पेन्सच्या, म्हणजे कुठल्या खात्यात घालायच्या ते न ठरलेल्या, नोंदी, रात्री अकराला मागवलेले वडापाव, काही केल्या न जुळणारे बत्तीस रुपये. आता यातलं काहीच माझ्या गळ्यात नव्हतं, तरी गोळा मात्र तारीख चुकवायला तयार नव्हता. शेवटी वन्संना फोन केला.

वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हिला वन्सं म्हणायचं. तेव्हापासून म्हणते. गिरगावात हा शब्द वापरणारी आता बहुधा मी शेवटचीच असेन. त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, लग्न केलेलं नाही, दादरला एकट्या राहतात. परळच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावरही बोर्डाचे पेपर तपासायच्या, या वर्षी पहिल्यांदा नाही म्हणाल्या.

"मार्चमध्ये कुठेतरी जाऊ या," मी म्हटलं.

"कुठे?"

"कुठेही. पण मार्चमध्ये."

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाल्या, "मुरूडला जाऊ. मला एक वारा बघायचाय."

तो वारा तुम्हीही शिकलेला आहात. खारे वारे व मतलई वारे, टीप लिहा. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, ती जागा भरायला समुद्रावरून हवा येते. ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो, मग हवा जमिनीकडून समुद्राकडे जाते. ते मतलई. आकृतीत एक झोपडी, एक नारळ, एक होडी आणि दोन बाण.

"एकतीस वर्षं दोन्ही बाण फळ्यावर काढले," वन्सं म्हणाल्या. "पहिला मुंबईत रोज लागतो. दुसरा मला एकदाही लागलेला नाही."

माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मार्चमध्ये कोकणात कोण जातं? बरोबरच होतं ते. लोक डिसेंबरात जातात नाहीतर मे महिन्यात आंब्याला. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आणि मोठ्यांचं एंडिंग. म्हणून तर खोली बाराशेला मिळाली. याच खोलीचे नाताळात साडेतीन हजार घेतात, असं फोनवर मालकीणबाईंनीच सांगितलं. "पण मासळीचं काही सांगता येत नाही हं, वारा आहे," हेही वर. मला हा व्यवहार आवडला. घेणं आणि देणं एकाच वाक्यात.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, सकाळची पहिली लाँच पकडायला आम्ही गेटवेला गेलो. नवरा ओला-उबरच्या भानगडीत न पडता स्कूटरवरून सोडायला आला, एकेकीला, दोन फेऱ्यांत.

सासूबाई असत्या तर या प्रवासाला त्यांनी होकार दिला नसता. १७ जुलै १९४७ला, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट कासा खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गिरगाव-परळमध्ये कुणाचं ना कुणाचं माणूस त्या बोटीत होतं. सासूबाई तेव्हा लहान होत्या, पण पुढे आयुष्यभर त्या अलिबागला जायच्या त्या पनवेल-पेणवरूनच, एसटीने, सगळा वळसा घालून. "पाण्यावर माझा विश्वास नाही" असं त्या म्हणत, जसं एखाद्या नातेवाइकाबद्दल म्हणावं. लाँच सुटल्यावर वन्संनी पिशवीतून थोडे चुरमुरे काढून पाण्यात टाकले. कुरव पक्षी मागे लागले. थंडीत शेकड्यांनी असतात म्हणे, आता दहा-बारा उरले होते. परतायला उशीर झालेली पाहुणे मंडळी.

तासाभरात मांडवा, मग लाँचच्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस. अलिबागच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या. मार्चची ही एक गोष्ट मला माहीत होती, कारण आमच्या शाखेतला शिपाई तिकडचा होता आणि क्लोजिंगच्या आठवड्यात सगळ्यांना एकेक माळ आणून द्यायचा. जीआय मानांकन मिळाल्यापासून भाव चढलाय. मी एक घेतली. वन्सं म्हणाल्या, येताना घे, आता कशाला ओझं? येताना दुसऱ्या रस्त्याने आलो तर? माझ्या खात्यात 'येताना' नावाची नोंद नसते.

अलिबागला वन्संना समुद्र नको होता, किल्ला नको होता. त्यांना चुंबकीय वेधशाळेचं फाटक बघायचं होतं. फक्त फाटक. मुंबईत कुलाब्याला १८२६पासून वेधशाळा होती आणि तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही नोंदी होत. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेने सुया हलल्या असत्या, म्हणून १९०४ साली ते काम इथे आणलं, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली आणि १९६४ साली शेवटची ट्राम बंद झाली. वेधशाळा मात्र अजून इथेच. "ज्याला भिऊन घर सोडलं तो गेला, हे आपले राहिले तिथेच," वन्सं म्हणाल्या आणि उन्हात उभ्या राहून पाच मिनिटं फाटक बघत राहिल्या. रिक्षावाल्याने वेटिंगचे वीस रुपये घेतले. वहीत लिहिले आहेत.

अलिबाग ते मुरूड एसटी. साळावचा पूल ओलांडेपर्यंत मला झोप लागली. कोर्लईला जागी झाले ती वन्संच्या कोपराने. या गावात पोर्तुगीज भाषेतून निपजलेली बोली आजही घराघरात बोलतात, आणि आपण तिथून झोपून जातोय, असा त्यांचा आक्षेप होता. काशीदला सुरूच्या बनातून पहिल्यांदा वारा बसमध्ये शिरला. शिरला म्हणजे समोरच्या माणसाचं वर्तमानपत्र थेट कंडक्टरच्या तोंडावर. तिथून पुढे खिडकी बंद करणारे आणि उघडी ठेवणारे असे बसमध्ये दोन पक्ष झाले.

मुरूडला उतरलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. ऊन रणरणतं आणि वारा असा, की घाम फुटतो कधी आणि वाळतो कधी हेच कळत नव्हतं. मी छत्री उघडली. ती उलटी झाली. सुलटी केली, परत उलटी. वन्सं आनंदाने म्हणाल्या, "सहा!"

ही एक वेगळीच गोष्ट. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची एक मोजपट्टी केली, शून्य ते बारा. यंत्र लागत नाही, नुसतं बघायचं. पुढे जमिनीवरच्या माणसांसाठीही तिच्यात खुणा घातल्या. धूर सरळ वर गेला तर शून्य. धूर कलला तर एक. पानं सळसळली, तोंडाला वारा लागला तर दोन. धूळ आणि कागदाचे कपटे उडाले तर चार. छत्री सांभाळणं कठीण झालं तर सहा. वन्संनी हे एका दोनशे पानी वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणलं होतं, पेपर तपासायच्या लाल शाईने. पुढचे तीन दिवस आमचं संभाषण असं चाललं: "चार?" "छे, साडेतीन." "अर्धे मार्क नसतात यात."

गावाने सीझन गुंडाळून ठेवला होता. किनाऱ्यावर बनाना बोट उपडी टाकलेली, चारचाकी बाइका ताडपत्रीखाली, ताडपत्रीवर दगड. 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी' अशी पाटी असलेल्या तीन खानावळींपैकी दोन बंद आणि तिसरीत गल्ल्यावर एक मुलगा अभ्यास करत बसलेला, त्याचं इतिहासाचं पुस्तक मिठाच्या बाटलीने दाबून ठेवलेलं. घोडागाडीवाला आमच्याकडे एकदा बघून परत झोपला. दोन साठीच्या बाया, ओढणीने डोकं बांधलेल्या; त्याचा हिशेब चुकला असं मला वाटत नाही.

मालकीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "साहेब मागून येतायत का?" साहेब गिरगावात क्रिकेट बघतायत म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. पाचच मिनिटांत आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात कोकम सरबत पीत बसलो होतो.

खोल्यांच्या मागे त्यांची वाडी. नारळ, सुपारी, मधूनच जायफळ. पण वाडीत भलतंच आभाळ दिसत होतं. एका रांगेत उंच झाडं, मग मोठी मोकळी जागा, मग माझ्या खांद्याएवढी रोपं. मी उगाच विचारलं, ही जागा का सोडलीय?

"निसर्गात गेली," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर कळलं नाही. वन्संना कळलं. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर आदळलं. तेव्हा आम्ही मुंबईत लॉकडाऊनमध्ये खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून टीव्हीसमोर बसलो होतो. संध्याकाळी 'मुंबई थोडक्यात बचावली' असं ऐकलं, देवाला साखर ठेवली आणि झोपलो. थोडक्यात बचावली म्हणजे कुणाच्या वाडीवर निभावलं, हे मी पाच वर्षांनी त्या स्वयंपाकघरात बसून ऐकलं.

"दुपारी आला. आधी पश्चिमेचा नव्हताच तो, आम्हाला वाटलं डोंगराकडून येतोय," त्या सांगत होत्या. "मग मधे थांबला. सगळं गप्प. सासरे म्हणाले, संपलं, दार उघडा. नवरा म्हणाला, नाही, दार धरा. आणि मग उलट्या अंगाने आला." पहिल्या झोडप्यात सुपाऱ्या एका दिशेला पडल्या, दुसऱ्यात विरुद्ध. एकशे चाळीस झाडं. त्यांनी आकडा सांगितला तो मोजलेला होता, पंचनाम्यासाठी. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. "सासऱ्यांनी पंचाहत्तराव्या वर्षी रोपं लावली. म्हणाले, मी नाही खाणार, पण खड्डे मला माहीत आहेत कुठे होते ते."

वन्संनी या वेळी मोजपट्टी काढली नाही. त्यांच्या वहीत बाराच्या आकड्यासमोर काय लिहिलंय ते मी रात्री गुपचूप वाचलं. 'सर्वत्र विध्वंस.' लाल शाईत.

संध्याकाळी वारा उतरत गेला. पाच वाजता चार होता, सूर्य समुद्रातल्या पद्मदुर्ग किल्ल्याकडे झुकला तेव्हा तीन, दिवे लागले तेव्हा दोन. सुरूंचा आवाज कमी कमी होत गेला आणि मग एकदम लाटांचा ऐकू यायला लागला, म्हणजे तो सगळा वेळ होताच. रात्री जेवायला बांगडा मिळाला, तिखल्यात. पापलेट नव्हतं. बाई म्हणाल्या, "होड्या बाहेर गेल्या नाहीत, जे काठावर मिळालं ते." असा बांगडा मुंबईत माझ्या ताटात कधी आला नाही, तेव्हा तक्रार कसली?

पहाटे साडेचारला वन्संनी मला उठवलं. हा सगळा प्रवास ज्यासाठी होता ती वेळ. दोघींच्या अंगावर गाऊन, वर शाली, पायात स्लीपर, हातात उदबत्तीचं पाकीट आणि काडेपेटी. वद्य पंचमीचा चंद्र डोक्यावरून जरा पश्चिमेला कललेला, त्यामुळे वाळू चांगली दिसत होती. पाणी अजून बरंच वर होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे मला वन्संनी आदल्या दिवशी शिकवलं होतं. पंचमी म्हणजे पाच, त्याचे पाऊण पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती होऊन पाणी उतरायला लागलेलं, ओहोटी दहाच्या सुमाराला. छत्तीस वर्षं व्याज काढणाऱ्या बाईला ही पद्धत इतकी साधी वाटली, की मी आणखी चार तिथ्या करून बघितल्या.

काडी पेटली, विझली नाही. हाच पहिला निकाल. उदबत्ती वाळूत खोचली. धूर सरळ वर.

"शून्य," मी म्हटलं.

"थांब."

थांबलो. अशा वेळी उभं राहून करायचं काय? मी उगाच लाटा मोजायला लागले. तेवढ्यात मागून टॉर्चचा झोत आला आणि त्यामागून एक घाबरलेला आवाज.

"मावशी, काय उतारा टाकताय का?"

शेजारच्या रिसॉर्टचा रात्रीचा वॉचमन. फाल्गुनातली पहाट, दोन म्हाताऱ्या, पेटलेली उदबत्ती. त्याच्या जागी मी असते तर जवळ आलेच नसते.

"नाही हो, वारा बघतोय," वन्सं म्हणाल्या. यामुळे काही सुधारलं नाही.

"बघा काय ते," तो जिथे होता तिथूनच म्हणाला, "पण लिंबू-बिंबू इथे नका टाकू. सकाळी पोरं फुटबॉल खेळतात." आणि टॉर्च विझवून गेला. मला इतकं हसू आलं, की वाळूत बसावं लागलं. वन्सं अजिबात हसल्या नाहीत. वर्गात मागच्या बाकावरून आवाज आला की त्या असंच करत असणार.

दुसरी उदबत्ती लावली तेव्हा पाच वाजून गेले होते. धूर वर गेला, आणि मग वितभर उंचीवर जरासा कलला. समुद्राकडे. परत सरळ. परत कलला, आणि या वेळी कललेलाच राहिला.

"एक," मी म्हटलं.

वन्सं बोलल्या नाहीत. त्यांनी पाठ गावाकडे केली आणि मानेवरचे केस वर उचलून धरले. मीही तसंच केलं. मानेला लागत होता, इतका हलका, की कुणी पंखा दुसऱ्या खोलीत लावलाय असं वाटावं. आणि त्यात वास होता. रात्रभर नाकात जे खारं, ओल्या दोरखंडाचं, वाळत्या मासळीचं बसलं होतं ते जाऊन त्या जागी आंब्याच्या मोहोराचा वास आला. मग चुलीच्या धुराचा. मग शेणाने सारवलेल्या ओल्या अंगणाचा. कुणीतरी उठून पाणी तापत ठेवलं होतं आणि ते आम्हाला समुद्राच्या काठावर कळत होतं.

"हे मी कधी सांगितलं नाही गं पोरांना," वन्सं बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "वास येतो म्हणून."

"तीन मार्कांत कुठे बसणार?"

"अर्धा दिला असता."

उजाडेपर्यंत उभ्या होतो. लांब दोन होड्या बाहेर चालल्या होत्या, इंजिनाच्या आवाजासकट. पूर्वी याच वाऱ्यावर शीड भरून निघायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हेही टिपेतलंच. सात वाजता धूर पुन्हा सरळ झाला. नाश्त्याला मालकीणबाईंनी आंबोळ्या वाढता वाढता अगदी सहज विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना तुमच्या?" वॉचमनची बातमी आमच्या आधी पोचली होती.

जंजिऱ्याबद्दल फार लिहीत नाही. सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान शाळेच्या सहलीत. खाडीच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेली भिंत, सिद्द्यांचा किल्ला; शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, पण तो शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही आणि १९४८ साली संस्थान विलीन झालं तेव्हाच काय तो सुटला. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते समजत नाही, आणि चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. कलालबांगडी तोफेला हात लावून बघितला, दहा वाजताच चटका बसत होता. मला जे सांगायचंय ते येतानाचं.

राजपुरीहून किल्ल्याकडे अजूनही शिडाच्या होड्या जातात. सीझनला गर्दी असते, त्या दिवशी होडी भरायची वाट बघत आम्ही पाऊण तास धक्क्यावर बसलो. आम्ही दोघी, नवीन लग्न झालेलं एक जोडपं, रंगपंचमीच्या रंगाने कान हिरवे झालेली कॉलेजची चार मुलं आणि एक कुटुंब, ज्यांच्या मुलाची परीक्षा बहुतेक झाली होती किंवा त्यांनी सोडून दिली होती. जाताना वारा नव्हताच म्हटलं तरी चालेल. शीड ओल्या साडीसारखं लोंबत होतं आणि पोरांनी वल्ह्यांनी होडी नेली.

किल्ला बघून परत निघालो तेव्हा साडेअकरा होत आले होते. सुकाणूवरचा तांडेल साठीचा, पांढऱ्या दाढीचा. वन्संनी त्याला विचारलं, खारा वारा किती वाजता सुरू होतो?

"पुस्तकात वेळ लिहिलीय काय, बाई?" तो म्हणाला.

"लिहिलीय. दिवसा."

तो खूश झाला. "मग बरोबर लिहिलीय."

होडी अर्ध्यात असेल. पाणी तेलासारखं. तांडेल उठून उभा राहिला, पश्चिमेकडे बघत. मी बघितलं, मला काहीच दिसलं नाही. मग दूर पाण्यावर एक गडद पट्टा दिसला, कुणी सारवत यावं तसा आमच्याकडे सरकणारा. तांडेल नुसतं "आला" म्हणाला. पोरांनी वल्ही वर घेतली. आणि शीड एका झटक्यात, ताडकन भरलं. होडी एका अंगावर कलली, नव्या नवरीने नवऱ्याला धरायचं सोडून वन्संना धरलं, आणि आम्ही धक्क्याकडे निघालो.

वन्संनी घड्याळ बघितलं. अकरा बेचाळीस. वहीत लिहिलं. पहाटेच्या दुसऱ्या बाणाखाली पहिला बाण.

मुंबईत हाच वारा यायला दुपार उलटली की पारा चढतो, हे त्यांनी मला धक्क्यावर लिंबू सरबत पिताना सांगितलं. २८ मार्च १९५६ला सांताक्रूझला ४१.७ अंश होतं. "बातम्यांत सांगतात ना, समुद्री वारे उशिरा स्थिरावले. तो हाच. तुझ्या बँकेच्या एसीत तुला कुठून कळणार?" हे खरं होतं. एसीचं तापमान २४ ठेवायचं परिपत्रक मीच फळ्यावर लावलं होतं.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं एवढंच, की दुपारची लाँच मांडव्यापासून गेटवेपर्यंत इतकी आपटली, की मी सासूबाईंशी मनातल्या मनात समेट केला. कांद्याची माळ तीन दिवस मांडीवर वागवली. पुन्हा घेतली नाही, कारण येताना ती बस अलिबागला थांबलीच नाही. हे मी वन्संना दोनदा सांगितलं.

पाडवा रविवारी झाला, सोमवारी ३१ मार्च. रात्री साडेनऊला शाखेतून फोन. "मॅडम, ते तुमच्या वेळचं एक सस्पेन्स उभं आहे..." एंट्री मला पाठ होती. कुठल्या फाइलीत व्हाउचर आहे तेही. पाच मिनिटांत सांगितलं. मागे कुणीतरी वडापाव मोजत होतं, तो आवाज स्पष्ट ऐकू आला. फोन ठेवला आणि साडेचारचा गजर लावला.

आमची गॅलरी पूर्वेला, रस्त्यावर उघडते. समुद्र पाठीमागे, चालत दहा मिनिटांवर; मधे आता दोन टॉवर. १ एप्रिलला मी छत्तीस वर्षं दुपारपर्यंत झोपायची. या वेळी पहाटे पाचला कुंडीत उदबत्ती खोचून उभी होते. खाली दूधवाला क्रेट उतरवत होता. धूर सरळ वरच्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत गेला.

वन्संना फोन केला. पहिल्या रिंगला उचलला.

"किती?"

"शून्य."

"दुसरी लाव. थांब अजून."

मी दुसरी लावली.